आधी पाय, मग तोंड

नालासोपाऱ्यातली नववीतली एक मुलगी प्रकल्पाची वही घेऊन माझ्याकडे आली होती. पहिल्या पानावर तिनं जांभळ्या पेनानं विषय लिहिला होता, ‘रॅप संगीत मुख्य प्रवाहात कसे आले?’ खाली चार ओळी. रॅपचा जन्म अमेरिकेत झाला. मग ते जगभर पसरले. मग ‘गली बॉय’ आला. मग भारतातही रॅप लोकप्रिय झाले.

‘‘काका, एवढंच सापडलं. पुढे काय लिहू?’’

चारही ओळींत चूक काढण्यासारखं काही नव्हतं. पण त्या लिहायला नालासोपाऱ्यात राहायची गरज नव्हती. लातूरच्या नाहीतर लंडनच्या मुलीनंही नेमक्या याच ओळी लिहिल्या असत्या. मी तिला विचारलं, तुझ्या माहितीत हिपहॉप करणारं पहिलं माणूस कोण? थोडा विचार करून ती म्हणाली, ‘‘रॅप करणारं कोणी नाही. पण मामाच्या चाळीतली पोरं ग्रुप डान्स करायची. रात्री अकरा-अकरापर्यंत प्रॅक्टिस. मामा पण होता त्यात. आता तो कुरियरला आहे.’’

तिचा प्रकल्प मामापासून सुरू व्हायला हवा होता. हे प्रकरण मी तिच्या वहीसाठी आणि तशाच सगळ्या वह्यांसाठी लिहितो आहे. मोठ्या विषयाचं एक टोक आपल्या स्टेशनाबाहेर सापडतं का, हे आधी पाहावं. वसई-विरारमध्ये रॅपचं टोक सापडतं. फक्त ते तोंडाशी न सापडता पायांशी सापडतं.

आणि गंमत अशी की रॅप जिथं जन्मलं तिथंही नेमकं असंच झालं होतं.

तारीख 11 ऑगस्ट 1973. न्यूयॉर्क शहरातला ब्राँक्स हा भाग, सेजविक अव्हेन्यूवरची 1520 क्रमांकाची इमारत. सिंडी कॅम्पबेल नावाच्या शाळकरी मुलीला सुट्टी संपून शाळा सुरू होण्याआधी नवे कपडे घ्यायचे होते. पैसे उभे करायला तिनं इमारतीतल्या सामाईक खोलीत पार्टी ठेवली. साध्या कार्डांवर हातानं आमंत्रणं लिहिली आणि तिकीट लावलं, मुलींना 25 सेंट, मुलांना 50. गाणी लावायला तिचा भाऊ क्लाइव्ह होता. हे कुटुंब जमैकाहून आलेलं. क्लाइव्हला वस्तीत सगळे कूल हर्क म्हणत.

हर्ककडे एक गुण होता, तो नाचणाऱ्यांकडे नीट बघायचा. गाणं चालू असताना ही मुलं कडेला रेंगाळतात आणि गायन थांबून नुसता ड्रमचा तुकडा आला की एकदम मधे उतरतात, हे त्यानं हेरलं. त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. पण तो काही सेकंदांचा. हर्कनं एकाच गाण्याच्या दोन तबकड्या दोन यंत्रांवर ठेवल्या. पहिलीवरचा ब्रेक संपला की दुसरीवरचा सुरू, तोवर पहिली मागे फिरवून तयार. सेकंदांची मिनिटं झाली. या ब्रेकवर नाचणारे ते ब्रेकर. आणि एवढा वेळ नुसता ठेका वाजत राहिल्यावर त्यावर काहीतरी बोलायला जागा झाली. हर्कचा मित्र कोक ला रॉक माइकवरून ओळखीच्यांची नावं पुकारू लागला, त्यांना चिथवू लागला. पुकारण्याला हळूहळू यमक जुळलं, यमकांच्या ओळी झाल्या.

म्हणजे नाचणाऱ्यांसाठी मोकळ्या केलेल्या जागेत रॅप उगवलं. डीजे, एमसी, ब्रेकिंग आणि भिंतीवरची ग्राफिटी ही हिपहॉपची चार अंगं मानतात. रॅप त्यातलं एक, एमसीचं, म्हणजे माइकवर बोलणाऱ्याचं. शाळेच्या वहीत ‘रॅप’ आणि ‘हिपहॉप’ हे एकाच अर्थानं लिहिले जातात, तेवढी दुरुस्ती आधी करून घ्यावी, कारण पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

अमेरिकेतली पुढची पायरीवार हकिकत कुठल्याही ज्ञानकोशात मिळेल, म्हणून इथं भराभर सांगतो. 1979 मध्ये शुगरहिल गँगचं ‘रॅपर्स डिलाइट’ आलं आणि पार्टीतलं बोलणं तबकडीवर विकलं जाऊ लागलं. 1982 च्या ‘द मेसेज’ या गाण्यानं वस्तीतल्या जगण्याची कहाणी सांगितली. 1986 मध्ये रन-डीएमसीनं एरोस्मिथ या रॉक बँडला घेऊन ‘वॉक धिस वे’ केलं आणि रॉक ऐकणारी गोरी मुलं इकडे वळली. 1988 मध्ये एमटीव्हीनं रॅपला स्वतःचा कार्यक्रम दिला, 1989 मध्ये ग्रॅमीनं पहिला रॅप पुरस्कार दिला. 2018 मध्ये केंड्रिक लमार या रॅपरला पुलित्झर पुरस्कार मिळाला. यानंतर आणखी कोणाच्या शिक्क्याची गरज उरली नाही.

आता आपल्या स्टेशनावर येऊ.

वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपालिका आणि आसपासची गावं मिळून 2009 मध्ये वसई-विरार महानगरपालिका झाली. 2011 च्या जनगणनेत इथली वस्ती 12 लाखांच्या वर होती. मुंबईत जागा परवडेना म्हणून इकडे सरकलेली कुटुंबं, कोकणातले चाकरमानी, उत्तर भारतातून आलेले कामगार, गुजराती, मल्याळी, आणि मूळचे आगरी, कोळी, वाडवळ, सामवेदी, वारली. एका मजल्यावर चार दारं आणि चार भाषा. या शहरातल्या मुलांना एकत्र येऊन काही करायचं असेल तर भाषेचा प्रश्न लगेच आड येतो. नाचात तो येत नाही. नाचाला स्टुडिओ लागत नाही, माइक लागत नाही. सपाट जमीन, एक स्पीकर आणि शेजाऱ्यांची सहनशक्ती एवढं भांडवल पुरतं. हिपहॉप इथं पायांतून का आलं, याचं मला पटणारं उत्तर हे आहे. तुमच्या मामाला, मावशीला विचारा. त्यांचं उत्तर वेगळं असेल तर तेच लिहा.

या मातीतून निघालेला सगळ्यात ठळक संघ म्हणजे सुरेश मुकुंद आणि व्हर्नन मोंतेरो यांचा ‘फिक्टिशस’. नालासोपारा-वसईच्या मुलांचा. 2011 मध्ये ‘सुरेश अँड व्हर्नन ग्रुप’ या नावानं त्यांनी ‘इंडियाज गॉट टॅलेंट’चं तिसरं पर्व जिंकलं. 2012 मध्ये ते लास वेगासला जागतिक हिपहॉप नृत्य स्पर्धेत उतरले. पुढे संघाचं नाव ‘किंग्ज युनायटेड’ झालं आणि 2015 मध्ये सॅन डिएगोला त्याच स्पर्धेत त्यांना कांस्यपदक मिळालं. मे 2019 मध्ये अमेरिकेतल्या ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ या कार्यक्रमात ते ‘द किंग्ज’ या नावानं पहिले आले. बक्षीस 10 लाख डॉलर, अंतिम फेरीत पैकीच्या पैकी गुण.

दुसरा संघ ‘व्ही अनबीटेबल’. नायगाव आणि खाडीपलीकडचं भाईंदर इथल्या वस्त्यांमधल्या मुलांचा. सरावात जखमी होऊन गेलेल्या विकास या साथीदाराच्या नावातलं ‘व्ही’ त्यांनी संघाच्या नावात जपलं आहे. फेब्रुवारी 2020 मध्ये त्यांनी ‘अमेरिकाज गॉट टॅलेंट : द चॅम्पियन्स’ जिंकलं. ते एकमेकांच्या खांद्यांवरून हवेत झेपावतात तेव्हा मला ब्राँक्सपेक्षा दहीहंडीचे थर जास्त आठवतात. वरच्याला खालच्यांवर डोळे मिटून भरवसा ठेवावा लागतो, हे शिक्षण आपल्याकडच्या मुलांना श्रावणात मिळालेलं असतं.

किंग्जच्या मुलांच्या आयुष्यावरून रेमो डिसूझांनी ‘एबीसीडी 2’ केला. बहुतेक वह्यांमध्ये या संघाची माहिती म्हणून त्या सिनेमाची गोष्टच उतरवलेली असते. तिथं सावध राहावं. सिनेमात संघाचं नाव मुंबई स्टनर्स आहे, नायक-नायिकेची प्रेमकथा आहे, प्रसंग लेखकानं रचलेले आहेत. सिनेमा 19 जून 2015 ला लागला, सॅन डिएगोचं पदक त्यानंतरचं. म्हणजे पदक मिळालं म्हणून सिनेमा निघाला असं कोणी सांगितलं तर ते तारखेवरच खोटं ठरतं. एका कागदावर डावीकडे साल आणि उजवीकडे घटना अशी सनावळी केली की असले घोटाळे आपोआप दिसतात. मी त्या मुलीला पहिलं काम हेच दिलं. सिनेमा हा पुरावा नसतो, पुरावा कुठे शोधायचा याची खूण असते.

नाचाला भाषा निवडावी लागत नाही, पण रॅपला ती निवडल्याशिवाय तोंडच उघडता येत नाही. म्हणून मुंबईतल्या रॅपची खरी कथा ही भाषेच्या निवडीची कथा आहे असं माझं मत आहे.

1992 मध्ये बाबा सहगलचं ‘ठंडा ठंडा पानी’ गाजलं होतं, टीव्हीवर दिसत होतं. पण ते एकट्याचं यश होतं, मागे वस्ती उभी नव्हती. पुढे इंटरनेटवर आणि कॉलेजच्या कट्ट्यांवर रॅप करणारी मुलं जमली, ती बहुतेक इंग्रजीत बोलत. अंधेरीतला विवियन फर्नांडिस, म्हणजे डिव्हाइन, हाही आधी इंग्रजीतच रॅप करायचा. मग त्यानं आपल्या गल्लीतली हिंदी उचलली. ही पुस्तकातली हिंदी नव्हे. मराठी, गुजराती, दखनी यांच्या घासाघाशीतून झालेली मुंबईची बोली, जी शाळेत बोललं की बाई रागावतात. 2013 मध्ये त्याचं ‘ये मेरा बॉम्बे’ आलं.

जानेवारी 2014 मध्ये कुर्ल्याच्या नावेद शेखनं, म्हणजे नेझीनं, ‘आफत’ काढलं. गाणं आयपॅडवर ध्वनिमुद्रित, चित्रीकरणही त्याच आयपॅडवर. दिशा रिंदानी यांनी त्याच्यावर माहितीपट केला, नाव ‘बॉम्बे 70’. कुर्ल्याचा पिनकोड 400070, म्हणून 70. स्वतःची ओळख जात, धर्म, गाव यांऐवजी पिनकोडनं सांगण्याची ही रीत मला फार बोलकी वाटते. पिन सगळ्यांचा असतो, झोपडीतल्याचाही आणि टॉवरमधल्याचाही. मुंबईचे पिन 400 नं सुरू होतात. आपले 401 नं. तो एक आकडा काय सांगतो, यावर वहीत एक परिच्छेद सहज होईल.

2015 मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांनी मिळून ‘मेरे गली में’ केलं. चार वर्षांनी, 14 फेब्रुवारी 2019 ला, झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ लागला. त्या दोघांच्या आयुष्यावरून प्रेरणा घेतलेला. 13 फिल्मफेअर पुरस्कार, ऑस्करसाठी भारताची अधिकृत प्रवेशिका. त्या मुलीच्या वहीत ‘मग गली बॉय आला’ ही तिसरी ओळ होती. सनावळी मांडल्यावर तिच्या लक्षात आलं की गल्लीतली गाणी आधी आणि सिनेमा नंतर. सिनेमानं रॅप जन्माला घातलं नाही. ते ज्या घरांत पोचलं नव्हतं त्या घरांच्या बैठकीच्या खोलीत नेऊन बसवलं. हे कामही मोठंच आहे, पण वेगळं आहे.

मराठीचं काय? ‘स्वदेसी’ हा मुंबईचा गट वेगवेगळ्या भाषांत रॅप करणाऱ्या मुलांचा. त्यातला एमसी मवाली मराठीत म्हणतो. धर्मेश परमार, म्हणजे तोडफोड, गुजरातीत म्हणायचा; तो मार्च 2022 मध्ये फार लवकर गेला. गटातला अमरावतीचा सौरभ अभ्यंकर आपलं नाव इंग्रजीत लिहिताना आधी 100 हा आकडा टाकतो आणि पुढे आरबीएच. शंभराला हिंदीत सौ म्हणतात, म्हणून सौरभ. ज्याच्या कानात दोन-तीन भाषा एकाच वेळी वाजतात त्यालाच अशी सही सुचते.

या गटानं 2019 मध्ये ‘द वारली रिव्हॉल्ट’ केलं. आरे वसाहतीतल्या जंगलाचा आणि तिथल्या आदिवासी पाड्यांचा विषय, आणि सोबत आरेतल्या केलटी पाड्यावरचे वारली कार्यकर्ते-गायक प्रकाश भोईर. गाण्याचं नाव पाहून पालघर जिल्ह्यातल्या मुलानं ताठ बसायला हवं. वारल्यांचा उठाव ही आपल्याच भागातली घटना आहे. 1945 ते 1947 या काळात डहाणू, तलासरी, उंबरगाव पट्ट्यातल्या वारल्यांनी वेठबिगारी आणि लग्नगडीची, म्हणजे लग्नाच्या कर्जापायी राबण्याची, प्रथा नाकारली. गोदावरी परुळेकरांनी त्या लढ्याची हकिकत ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या पुस्तकात लिहिली, 1970 मध्ये. त्या पुस्तकाला साहित्य अकादमीचा पुरस्कार आहे आणि कुठल्याही बऱ्या वाचनालयात ते मिळतं. रॅपच्या प्रकल्पात हे पुस्तक आलं म्हणून एखाद्या शिक्षकाच्या भुवया उंचावतील. उंचावू द्या. पुस्तकाच्या आणि गाण्याच्या मध्ये जवळजवळ पन्नास वर्षं आहेत आणि गाऱ्हाणं तेच आहे, जमिनीचं. एवढी घट्ट गाठ अमेरिकेतल्या मुलालाही सहसा मिळत नाही.

इथं एक मोह टाळायला सांगतो, कारण मी स्वतः त्याला बळी पडून एका लेखात चुकीचं विधान केलं होतं. ‘रॅप म्हणजे आपला पोवाडाच’ हे वाक्य. ऐकायला गोड, छातीही फुगते. पण पोवाड्यात शाहीर एक कथा सांगतो, बहुधा दुसऱ्याच्या पराक्रमाची. मागे झीलकरी साथ देतात, डफ-तुणतुणं असतं, आणि शाहिराच्या सांगण्याप्रमाणे लय चढते-उतरते. रॅपमध्ये ठेका न बदलता फिरत राहतो, माणूस त्याच्या अंगाखांद्यावर खेळतो, आणि बहुतेक वेळा स्वतःबद्दल बोलतो. ‘मी’ हा त्याचा कणा आहे.

जास्त जवळचं नातं हवं असेल तर कलगी-तुऱ्याकडे बघा. शक्तीला मोठं मानणारे कलगीवाले आणि शिवाला मोठं मानणारे तुरेवाले, एकमेकांना कोड्यात पकडणारे सवाल आणि त्यांना जागच्या जागी जवाब. रत्नागिरीकडच्या चाकरमान्यांनी आपला शक्ती-तुरा मुंबईत आणला. ‘जंगी सामना’ असं लिहिलेले त्याचे फलक तुम्ही पाहिले असतील. दोन शाहीर समोरासमोर, प्रेक्षक शिट्ट्या मारून कौल देणार. अमेरिकेतल्या बॅटल रॅपची रीत हीच. म्हणून नातं सांगताना ‘हे त्यातून आलं’ असं लिहू नका, ‘हे त्याच्यासारखं आहे आणि अमुक बाबतीत नाही’ असं लिहा. कानाला ओळखीचं वाटलं म्हणून रॅप इथं रुजायला सोपं गेलं असेल, इतकं म्हणता येतं.

हीच सावधगिरी ‘पहिला’ या शब्दाबाबत. 1968 च्या ‘आशीर्वाद’ सिनेमातलं अशोक कुमारांचं ‘रेलगाडी’ हे भारतातलं पहिलं रॅप, असं छातीठोकपणे सांगितलं जातं. शब्द हरींद्रनाथ चट्टोपाध्याय यांचे, संगीत आपल्या वसंत देसाईंचं. गाणं अप्रतिम आहे, आगगाडीच्या ठेक्यावर झरझर बोललेलं. पण सिंडीची पार्टी 1973 मधली. जी गोष्ट जन्मलीच नव्हती तिचा भारतातला पहिला नमुना पाच वर्षं आधी कसा असेल? लयीत बोलणं जगात सगळीकडे आहे. विरार लोकलच्या डब्यात टाळ धरणाऱ्या भजनी मंडळातही एखादा बुवा अभंगाच्या मधे असा लयीत बोलू लागतो की गाडीचा आवाज मृदंग होतो. तेवढ्यावरून तो रॅपर होत नाही आणि त्याचं काही बिघडतही नाही. ‘पहिला मराठी रॅपर’ हा मानही एकाहून अधिक जणांच्या नावापुढे लावलेला सापडेल. कोणाच्या पुढ्यात तो ठेवायचा हा निवाडा नववीच्या वहीत करायची गरज नाही.

आता मूळ प्रश्नातला सगळ्यात अवघड शब्द घेऊ. ‘मुख्य प्रवाह’. कोणता प्रवाह मुख्य, हे ठरवतं कोण?

अमेरिकेत याचं एक अगदी ठोस उत्तर मिळतं. बिलबोर्ड हे नियतकालिक दर आठवड्याला सर्वाधिक खपाच्या अल्बमांची यादी देतं. मे 1991 पर्यंत या यादीसाठी दुकानदारांना विचारलं जायचं, या आठवड्यात काय चाललं? दुकानदार आठवणीनं, अंदाजानं, कधी स्वतःच्या आवडीनं सांगायचा. मे 1991 मध्ये साउंडस्कॅन ही पद्धत आली. गल्ल्यावर बारकोड वाचला गेला की विक्री मोजली गेली. दुकानदाराचं मत संपलं. पुढच्या महिन्यात, जून 1991 मध्ये, एनडब्ल्यूए या लॉस एंजेलिसजवळच्या काँप्टनच्या रॅप गटाचा अल्बम त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. त्या एका महिन्यात अमेरिकेची आवड बदलली नव्हती. लोक रॅप आधीही विकत घेत होतेच. ते नीट मोजलं जात नव्हतं.

हे समजलं तेव्हा मला आपल्याकडची मेमरी कार्डं आठवली. सगळ्यांच्या हातात नेट येण्याआधी नालासोपारा, विरार, वसई रोडच्या स्टेशनांबाहेर मोबाइल रिचार्जची छोटी दुकानं असायची. कार्ड दिलं की दुकानदार कॉम्प्युटरला लावून गाणी भरून द्यायचा. हिंदी, भोजपुरी, कोळीगीतं, मधूनच एखादं पंजाबी नाहीतर अमेरिकन रॅप. नाचाच्या ग्रुपची पोरं तिथूनच गाणी घ्यायची आणि पुढे ब्लूटूथनं एकमेकांना द्यायची. या देवघेवीची नोंद कुठल्याही कंपनीच्या वहीत झाली नाही. कोणतं रॅप इथं किती कानांनी ऐकलं हे आज कोणालाही आकड्यात सांगता येणार नाही. मग सप्टेंबर 2016 मध्ये जिओ सुरू झालं, डेटा स्वस्त झाला, मुलं यूट्यूबवर गेली आणि प्रत्येक ऐकण्याखाली आकडा दिसू लागला. वर्तमानपत्रांनी, जाहिरातवाल्यांनी, निर्मात्यांनी तो आकडा पाहिला. 2019 मध्ये ‘गली बॉय’ आला, त्याच वर्षी एमटीव्हीवर ‘हसल’ ही रॅपची स्पर्धा सुरू झाली.

म्हणून मी त्या मुलीला म्हटलं, तुझा प्रश्न थोडा उलटा कर. रॅप मुख्य प्रवाहात आलं, की मोजणारे रॅप होतं तिथपर्यंत पोचले? दोन्ही गोष्टी थोड्याथोड्या खऱ्या आहेत. माझ्या मते दुसरी जास्त खरी आहे आणि तीच कमी सांगितली जाते.

आकड्यांबद्दल एक लक्षात ठेवायचं. यूट्यूबवरचा आकडा गाणं किती वेळा लावलं गेलं ते सांगतो, किती माणसांनी ऐकलं ते नाही. चाळीतल्या एका फोनभोवती सहा जण बसले तर तो एकच. एकानंच साठ वेळा ऐकलं तर आकडा बराच फुगतो. आणि गाणं चढवल्याची तारीख ही गाणं जन्मल्याची तारीख असेलच असं नाही.

मुख्य प्रवाहाची आणखी एक खूण आहे, ती आनंदाची नाही. सत्ता ज्याची दखल घेते ते कडेचं राहिलेलं नसतं. एप्रिल 2023 मध्ये छत्रपती संभाजीनगरच्या राज मुंगासे या तरुणावर राज्यातल्या सत्तांतराची टर उडवणाऱ्या मराठी रॅपबद्दल अंबरनाथमध्ये गुन्हा नोंदवला गेला. त्यावर राज्यभर वाद झाला, विरोधी पक्ष त्याच्या बाजूनं बोलले. मराठी रॅप हे नाव त्या आठवड्यात अशा घरांत पोचलं जिथं ते कधी उच्चारलं गेलं नव्हतं. प्रकल्पात हे लिहायला मुलं कचरतात. तारीख आणि घटना लिहायला कोणाची हरकत असू नये.

रॅपमधल्या शिव्यांचं काय करायचं, हाही प्रश्न तिनं खालच्या आवाजात विचारला. मी म्हटलं, शिव्या आहेत हे लिही, कोणाला उद्देशून आहेत तेही लिही. उतरवून काढायची गरज नाही. खूप गाण्यांत त्या बाईच्या नावानं आहेत, आणि हे दुखणं ब्राँक्सपासून मुंबईपर्यंत सारखं आहे. त्याच वेळी याच मैदानात उतरलेल्या मुलींची नावंही शोध. कल्याणमध्ये वाढलेली दीपा उन्नीकृष्णन, म्हणजे डी एमसी, फार आधीपासून मुंबईच्या रॅपमध्ये पाय रोवून उभी आहे. रेल्वेच्या दुसऱ्या फाट्यावरचं कल्याण. आपल्यासारखंच रोज दीड तास उभ्यानं प्रवास करणारं.

आणि दुसऱ्याचं उचललं तर नाव द्यायचं. रॅपमध्ये जुन्या गाण्याचा तुकडा कापून वापरतात, त्याला सॅम्पल म्हणतात. बरीच वर्षं कोणी विचारत नसे. डिसेंबर 1991 मध्ये न्यूयॉर्कच्या एका न्यायालयानं बिझ मार्की या रॅपरविरुद्ध निकाल दिला आणि न्यायाधीशांनी निकालाची सुरुवातच चोरी करू नये या बायबलमधल्या आज्ञेनं केली. तेव्हापासून तुकडा वापरायचा तर परवानगी घ्यावी लागते. वहीतल्या परिच्छेदाचंही तेच. कुठून घेतला ते खाली लिहिलं की तो अभ्यास होतो.

उरलं काम मुलाखतींचं, आणि तेच सगळ्यात मोलाचं. तिनं मामापासून सुरुवात केली. तिला मी चारच प्रश्न दिले होते. पहिलं रॅप कुठलं ऐकलंस? कशावर ऐकलंस? कोणाबरोबर? तेव्हा सराव कुठे करायचात? ‘तुम्हाला रॅप का आवडतं’ हा प्रश्न मुद्दाम दिला नाही, कारण त्याला सगळे सारखंच उत्तर देतात. वस्तूबद्दल आणि जागेबद्दल विचारलं की माणूस खरं आठवू लागतो. नाव छापायचं की नाही ते आधी विचारायचं, फोन नंबर वहीत लिहायचा नाही, बोलणं रेकॉर्ड करायचं तर सांगून करायचं, आणि वर तारीख घालायची.

आठ दिवसांनी ती आली तेव्हा वहीत अकरा पानं भरली होती. मामानं पहिलं रॅप सीडीवर ऐकलं होतं, मित्राच्या भावाच्या. अर्थ कळला नव्हता. ठेका कळला होता, म्हणून त्यावर नाच बसवला. दोन वर्षांनी त्याच ग्रुपमधला एक जण नाच थांबला की मधेच हिंदी-मराठीत काहीबाही जुळवून म्हणायचा आणि बाकीचे हसायचे. ते लिहून ठेवलेलं नाही, रेकॉर्ड केलेलं नाही. मुलीनं त्या ओळीखाली दोनदा रेघ मारली होती. कूल हर्क आणि कोक ला रॉक यांच्यात जे झालं ते त्या चाळीसमोरच्या मोकळ्या जागेत, कोणी न सांगता, पुन्हा झालं होतं.

सिंडी कॅम्पबेलनं हातानं लिहिलेलं ते साधं आमंत्रणाचं कार्ड आज हिपहॉपच्या जन्माचा पुरावा म्हणून दाखवलं जातं. एका शाळकरी मुलीच्या अक्षरातलं. तुमच्या घरात, मामाच्या कपाटात, बंद पडलेल्या फोनच्या पोटात नाचाच्या स्पर्धेचं पत्रक असेल, ग्रुपचा फोटो असेल, दुकानदारानं भरून दिलेलं मेमरी कार्ड असेल. दिवाळीच्या साफसफाईत ते रद्दीत जाण्याआधी त्याचा फोटो काढा, मागे तारीख, जागा आणि सांगणाऱ्याचं नाव लिहा, आणि वहीला जोडा.